पऱ्हाटीचा कोळसा

माझ्या हातून नऊ जण डॉक्टर झाले. मी स्वतः बारावी नापास. अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं अटेंडन्ट होतो, आणि त्या एकतीस वर्षांत आमच्याकडे संशोधन म्हणजे एकच चाललं. शेतातला टाकाऊ माल आणायचा, त्याचा भुगा नाहीतर कोळसा करायचा आणि त्यानं पाण्यातले जड धातू ओढून घ्यायचे. पहिल्या पोरानं संत्र्याची साल घेतली. मग तुराटी झाली, भुईमुगाची टरफलं झाली, सोयाबीनचं कुटार झालं, केळीचं खोड झालं. धातूंत कधी शिसं, कधी क्रोमियम, कधी निकेल. मसाला बदलायचा, भाजी तीच.

साल धुणं, वाळवणं, कुटणं, भट्टीत घालणं, आम्लात भिजवणं, पुन्हा धुणं, चाळणं, हे सगळं माझ्याकडे. गाईड सहीपुरते, विद्यार्थी तोंडी परीक्षेपुरता आणि धर्मपाल तायडे उखळापुरता. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं, त्यात शेवटच्या ओळीत माझं नाव यायचं. दोघांनी तेही चुकीचं छापलं.

गंमत म्हणजे या नऊ जणांतल्या एकानंही खरं बिघडलेलं पाणी पाहिलं नव्हतं. शुद्ध पाण्यात शिशाचा क्षार मीच मोजून घालायचो. मग तेच शिसं आम्ही काढायचो आणि सत्त्याण्णव टक्के निघालं म्हणून पेढे वाटायचो. चोर आपणच घरात ठेवायचा आणि आपणच पकडायचा. पेढे मात्र खरे असायचे.

आणि वापरून झालेला भुगा? तो मी मागच्या दारानं नेऊन कडुलिंबाच्या बुडाशी ओतायचो. तसं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. करू नको असंही कोणी म्हटलं नव्हतं.

हे सगळं असंच चालून मी निवृत्त झालो असतो. पण मध्ये बाई आजारी पडली.

पंचफुला माझी मोठी बहीण. आम्ही तिला बाई म्हणतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि बाई तेरा. मला न्हाऊ घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. तिला दिली मूर्तिजापूरच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात. शकुंतला, ती छोटी रेल्वेगाडी, चालायची तेव्हा तिच्या गावाला जायला मजा वाटायची. आता मूर्तिजापूरला उतरायचं आणि ऑटो भरेपर्यंत बसून राहायचं.

दोन वर्षं बाईच्या पोटात कळा यायच्या. अंगात रक्त नाही, हात थरथरतो, चार पावलं चालली की बसते. गावच्या डॉक्टरनं गॅस म्हटलं, मूर्तिजापूरच्यानं वय म्हटलं. शेवटी तिचा मुलगा पिंटू तिला अकोल्याला जठारपेठेत एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या गावात जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चालतं का?"

चालायचं. बाहेरच्या एका माणसानं मोहल्ल्यामागच्या पडीक जागेत टिनाचं शेड टाकलं होतं. चार वर्षं तिथं गाड्यांच्या बॅटऱ्या फोडल्या, आतलं तेजाब मातीत ओतलं, शिसं वितळवून नेलं आणि एक दिवस तो माणूस शेडसकट निघून गेला. शेडपासून पन्नास पावलांवर विहीर आहे. बाईचं रक्त तपासायला मुंबईला गेलं. पाचच्या आत असायला हवं ते शिसं अडतीस निघालं.

मी गेलो आणि तिला म्हटलं, "बाई, त्या हिरीचं पाणी पेऊ नको."

"काहून? गोड पाणी हाय," ती म्हणाली. "खारं असतं तं म्या मानलं असतं तुहं."

आता हिला काय सांगणार! चहूकडे विहिरींना खारं पाणी, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि या एकाच विहिरीचं पाणी गोड. नळ नऊ दिवसांनी येतो. मोहल्ल्यातली सहा घरं पिढ्यान्‌पिढ्या या विहिरीवर जगलेली. गोड पाणी वाईट असेल हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शिरलं असतं तरी प्यायला दुसरं होतं कुठं?

मी बाटली भरून कॉलेजात आणली आणि दामिनी मॅडमपुढे ठेवली. दामिनी मॅडम आता विभागाच्या प्रमुख आहेत. केळीच्या खोडावर डॉक्टर झालेल्या त्याच. त्यांचं खोड मीच कापलं होतं.

"मॅडम, आपला पऱ्हाटीचा कोळसा खरंच चालते का?"

"प्रबंधात चालतो, तायडेभाऊ," त्या पेपर तपासता तपासता म्हणाल्या.

"प्रबंधातलं नाही विचारत. हिरीतलं विचारतो."

त्यांनी मान वर केली. मी बाईचा रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, पेपर बाजूला सारले आणि स्वतः उठून बाटली मशीनपाशी नेली. पाण्यात शिसं मर्यादेच्या पंधरा पट होतं. इतक्या वर्षांत आमच्या प्रयोगशाळेत आलेलं ते पहिलं खरं पाणी होतं.

कापूस वेचून झाला की शेतात वाळलेली झाडं उभी राहतात, ती पऱ्हाटी. आमच्याकडे तिला तोटा नाही. नववा प्रबंध तिच्यावरच झाला होता आणि सगळ्या कोळशांत शिसं धरून ठेवायला तोच चांगला निघाला होता. मी रविवारी रविवारी बसून कोळसा केला. झाकणाच्या पिंपात पऱ्हाटीचे तुकडे कोंडून जाळायचे, कोळसा आम्लात भिजवायचा, मग आंबटपणा जाईपर्यंत धुवत बसायचं. कंबर मोडते. बाजरीच्या दाण्याएवढा चाळून मी पाच पिशव्या भरल्या. गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. पण सांगतो, एकतीस वर्षांत त्या कामाचा मला पहिल्यांदाच कंटाळा आला नाही.

बाईच्या अंगणात निळं पिंप मांडलं. तळाला गिट्टी, वर रेती, मग कोळसा, वर पुन्हा रेती. सहा घरांच्या बाया हंडे घेऊन बघायला आल्या. वरून विहिरीचं पाणी ओतलं, खालच्या तोटीतून थेंब थेंब आलं. बाईनं पहिला पेला घेतला, तोंडात घोळवला.

"गोडी गेली नाही," तिनं जाहीर केलं. तेवढ्यावर मोहल्ला पास झाला.

त्या पाण्याची बाटली अमरावतीला नेली. शिसं मर्यादेच्या आत. मॅडमनी आकडा मला दाखवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मागच्या दारात जाऊन रडलो. बाईनं मला वाढवलं होतं, आणि आता तिच्यासाठी माझ्या हातून काहीतरी झालं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या डॉक्टरक्या कुटल्या, त्याचं चीज झालं असं वाटलं.

कोळसा महिन्यानं बदलायचा होता. बाईची सून रश्मी दहावी पास, हुशार पोरगी. मी तिला शिकवलं. रेती काढायची, जुना कोळसा उपसून पोत्यात भरायचा, पोतं बकरीच्या कोठ्यात ठेवायचं, नव्या पिशवीतला कोळसा घालायचा.

"जुना फेकून नाही देवाचा, मामाजी?"

"फेकू नको. मी घेऊन जाईन."

"कायले? काही कामात येते का?"

इथं मी खोटं बोललो. बाया भोवती उभ्या होत्या. त्या काळ्या कोळशात विहिरीतलं सगळं विष गोळा होतं असं म्हटलं असतं, तर एकीनंही त्या पिंपातलं पाणी तोंडाला लावलं नसतं. मागं सरकारी माणसं विहिरीत औषध टाकून गेली होती, तर यांनी वास येतो म्हणून अख्खी विहीर उपसून टाकली होती. मला ते आठवलं. मला पुढं समजावत बसायचाही कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर.

"व्हय," मी म्हटलं. "कामाचा असते."

बाई तिथंच बाजेवर बसून ऐकत होती.

पुढच्या महिन्यात पोतं आणायला जायचं होतं. नाही गेलो. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि माझ्या सेवापुस्तकात जन्मतारीख दोन ठिकाणी दोन निघाली. शाळेचा दाखला, त्याची नक्कल, नकलेवर सही, सही करणारा रजेवर. एका टेबलावरचा माणूस मला दुसऱ्या टेबलावर पाठवायचा आणि दुसरा पहिल्यावर. त्यात गुडघा सुजला. संध्याकाळी घरी आलो की जिना चढायचा जीव होत नसे, तिथं मूर्तिजापूरचं ऑटो कुठलं!

बाईचा फोन यायचा. "कधी येतं?"

"पुढच्या हप्त्यात येतो, बाई. कोळसा बदलला का?"

"बदलला. तुह्या कोळशाचा दाणा वाया जाऊ देत नाही मी."

मला बरं वाटायचं. बाई मनावर घेऊन करतेय असं वाटायचं. तिचा आवाज थकलेला यायचा, पण माझा तरी कुठं ताजा होता? असे चार महिने गेले.

मग पिंटूचा फोन आला. तो मला मामा म्हणतो आणि फोनवर आधी जयभीम घालतो. त्या दिवशी घातला नाही.

"मामा, आईचं रक्त तपासलं. एकसष्ट आलं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. अडतीसवरून खाली यायला हवं होतं.

"एकसष्ट," तो पुन्हा म्हणाला. "तिच्याच्यानं आता पेला धरवत नाही. लोकायनं तुमच्या पिंपाले हात लावनं बंद केलं. थे म्हंतात का पहिले हिरीचं पेत होतो तं बरे होतो. खरं सांगा मामा, तुमी आमच्यावर प्रयोग केला का?"

फोन ठेवला आणि तसाच प्रयोगशाळेत गेलो. पिंटूकडून विहिरीचं आणि पिंपाचं, दोन्ही पाणी मागवलं. दामिनी मॅडमनी तीन तीनदा तपासलं. विहीर तशीच वाईट होती. पिंपातलं पाणी स्वच्छ होतं.

"पिंप त्याचं काम करतंय, तायडेभाऊ," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या पोटात शिसं दुसरीकडून जातंय. हळद, भांडी, घराचा रंग, काहीही असेल. तुम्ही तिथं जाऊन बसा. सकाळी उठल्यापासून त्या काय काय तोंडात घालतात ते बघा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. बाईच्या घरी पोचलो तेव्हा ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. बाई न्हाणीजवळच्या दगडावर बसली होती. चार महिन्यांत अर्धी झाली होती. मला पाहून ती हसली. तिचे दात, हिरड्या, ओठ, सगळं काळंभोर होतं.

तिच्या हातात टिनाची लहानशी डबी होती. तिनं तोंडातलं थुंकलं आणि म्हणाली, "बस. मंजन करून घेतो अन् चहा ठेवाले सांगतो रश्मीले."

बाईचं काळं मंजन. मी ते कसा विसरलो? लहानपणी माझेही दात तिनं त्यानंच घासले होते. बाभळीचा कोळसा, मीठ, तुरटी, दोन लवंगा, खलबत्त्यात घोटून. अकोल्याची पेस्ट तिला कधी पटली नाही. फेस येते अन् दात तसेच राहतात, असं तिचं म्हणणं. पण घरी गॅस आला, चूल गेली आणि चुलीबरोबर कोळसा गेला. दोन वर्षं ती मंजनासाठी चडफडत होती.

"दाखव," मी म्हटलं.

तिनं कौतुकानं डबी पुढं केली. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली. मीठ लागलं, लवंगेचा वास आला. आणि बारीक भुकटीत दोन-चार दाणे न कुटलेले राहिले होते, बाजरीएवढे. त्या दाण्याला मी अंधारातही ओळखलं असतं.

"कोळसा कुठला, बाई?"

"कुठला म्हंजे? तुहाच. पोत्यातला." ती आनंदानं सांगत होती. "काय सुरेख कोळसा करतं रे! बाभळीचा बी असा होत नाही. धुतलेला, चाळलेला. तू म्हटलं होतं ना कामाचा असते म्हून. म्या म्हटलं तू चार महिने येऊन नाही राहिला, पडून काहून राह्यचा? हिरड्या दुखतात तं दिवसातून तीनदा लावतो. तसाच धरून ठेवतो गालात, घडीभर."

सहा घरांच्या पाण्यातलं महिन्या-महिन्याचं शिसं त्या पोत्यात जमा होतं. मी ते विहिरीतून काढून, धुऊन, चाळून माझ्या बहिणीच्या गालात ठेवलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिच्या हिरडीवर शिशामुळं उमटणारी निळी रेघ आहे का ते पाहायचा प्रयत्न केला होता म्हणे. काळ्यात त्यांना काय दिसणार!

मी डबी तिच्या हातातून हिसकावली. आयुष्यात मी बाईच्या हातातून कधी काही हिसकावलं नव्हतं. ती दचकली.

"चूळ भर. आत्ताच्या आत्ता. बाई, याच्यात शिसं हाय. हिरीतलं सारं शिसं याच्यात येऊन बसते. पाणी साफ होते ते याच्याचमुळं."

चहा घेऊन आलेली रश्मी दारातच थांबली. बाईनं तांब्या घेतला, चूळ भरली, पुन्हा भरली. हात थरथरत होता म्हणून अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. मग पदरानं तोंड पुसून ती शांतपणे म्हणाली,

"म्हंजे तू काढलेलं म्याच तोंडात घातलं."

"व्हय."

"तुले माहीत होतं, पोत्यात काय हाय थे?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी कोणी पाणी पेलं नसतं म्हून."

मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"म्या तं तुह्या हातचं इखही पेलं असतं, धरमा," ती म्हणाली. "सांगून तं पाह्यचं होतं."

मी तिच्या पायाशी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात हलत होता, तिला थांबवता येत नव्हता.

थोड्या वेळानं रश्मी हळूच म्हणाली, "मामाजी, आत्यानं डब्या वाटल्या हायेत."

बाई दानशूर. चांगली वस्तू एकटीनं वापरायची नाही हा तिचा जन्माचा खाक्या. पाचही घरी एकेक डबी गेली होती आणि एक पलीकडच्या आळीत चंदाबाईकडे. नशीब एवढंच, की रश्मी आणि पोरं पेस्टनं दात घासत होती.

दिवसभर मी आणि रश्मी दारोदार फिरलो. प्रत्येक घरी मला तेच सांगावं लागलं, जे चार महिन्यांपूर्वी एकदाच अंगणात सांगायचं होतं. पाणी चांगलं आहे, कोळसा वाईट आहे, चांगलं पाणी त्या वाईट कोळशामुळेच होतं. एका म्हाताऱ्यानं डबी दिली आणि दार लावून घेतलं. एकीनं विचारलं, आता पोराच्या रक्ताचं काय? मी म्हटलं, तपासू. सगळ्यांचं तपासू. चंदाबाई तर डबी द्यायलाच तयार नव्हत्या.

"माही दाढ दोन साल झाले ठणकत होती, याच्यानं थांबली. तुमी म्हंता इख हाय. पह्यले म्हंत होते कामाचं हाय. कोन्तं खरं मानू?"

मी हात जोडले. "दोन्ही म्याच म्हटलं, चंदाबाई. पहिलं खोटं होतं."

त्यांनी डबी काढून दिली. माणसानं खोटं कबूल केलं की आमच्या वऱ्हाडात त्याला निदान बसायला सांगतात. चंदाबाईंनी मला पाणी दिलं. ते विहिरीचं होतं की पिंपाचं, विचारायचं धाडस झालं नाही. मी प्यालो.

उरलेलं पोतं आणि सहा-सात डब्या घेऊन मी अमरावतीला आलो. दामिनी मॅडमना सगळं सांगितलं. पोतं त्यांच्यापुढं ठेवलं.

"हे कुठं टाकायचं, मॅडम?"

त्यांनी ऑफिसात विचारलं. असा कचरा न्यायला वेगळी गाडी येते, पण तिला बोलवायला कॉलेजचं नाव नोंदलेलं लागतं, आणि ते नाही. कारण असा कचरा आम्ही करतो असं कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. मॅडमनी कपाट उघडलं आणि नऊच्या नऊ प्रबंध टेबलावर काढले. एकेकाचं शेवटचं प्रकरण चाळलं. काढलेल्या धातूचं आणि वापरलेल्या कोळशाचं पुढं काय करायचं, यावर एकाही पानावर ओळ सापडेना.

"आजपर्यंतचं कुठं टाकलंत, तायडेभाऊ?"

मी मागचं दार उघडून कडुलिंब दाखवला. त्याच्या सावलीत दोन मुली डबा खात बसल्या होत्या. मॅडम दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझंही यातच आहे." त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी त्या मुलींना तिथून उठायला सांगितलं.

महिन्याअखेरीस मी निवृत्त झालो. जन्मतारीख एकदाची एक झाली. शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली, एकानं मला संशोधनाचा कणा म्हटलं. समारंभ संपल्यावर मी पोतं ऑटोत घातलं आणि पायांत धरून घरी आणलं. कॉलेजात ठेवलं असतं तर कोणीतरी कधीतरी उघडलं असतं. आता ते माझ्या जिन्याखाली आहे. त्यावर मी लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आत शिसं आहे, हात लावू नये. मॅडम अजून त्या कचऱ्याच्या गाडीच्या मागं आहेत. दर आठवड्याला अर्ज करतात. कडुलिंबाची माती तपासायलाही त्यांनी पाठवली आहे. त्याचा रिपोर्ट लिहायचा तर या वेळी आभाराचं पान नको म्हणाल्या.

बाईचं पिंप पुन्हा सुरू झालं. सगळ्या नाही, तीन घरच्या बाया येतात. जुना कोळसा रश्मी आता कुलुपाच्या डब्यात ठेवते आणि मी ठरल्या तारखेला जाऊन आणतो, गुडघा असो की नसो. जिन्याखाली आता दोन पोती झाली आहेत. सहाही घरच्यांचं आणि चंदाबाईंचं रक्त तपासून झालं. सगळ्यांचं थोडंफार वाढलेलं, दोघांचं फारच जास्त निघालं, त्यांना औषध चालू आहे. बाईला तर चालू आहेच.

परवा तिचा फोन आला. आवाजात जरा धुगधुगी होती.

"रिपोट आला, धरमा. सेहेचाळीस."

मी डोळे मिटले. एकसष्टवरून सेहेचाळीस. "लय चांगलं झालं, बाई. डॉक्टर काय म्हंते?"

"म्हंते उतरून राहिलं. औषधानं लघवीतून निघून जाते म्हंते. म्या एक इचारू?"

"इचार ना."

"माह्या आंगातून पंधरा निघालं. थे आता कुठी गेलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाणीचं पाणी मांगच्या वाफ्यात जाते," ती म्हणाली. "तथी पिंटूनं मेथी लावली हाय. लेकरं खातात."

जिन्याखालच्या पोत्यावरची लाल अक्षरं मला बसल्या जागेवरून दिसत होती. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. इतकंसं असते, काही होत नाही, अशी ओळ जिभेवर तयार होती.

"धरमा," बाई म्हणाली, "ह्या बारीनं खोटं सांगू नको. माहीत नसंन तं नाही म्हन."

"नाही माहीत, बाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मंग मेथी उपटाले सांगतो."